रुंद बुडाचे टायर

टायर हातात आला की मी आधी त्याला अंगठ्याचं नख लावतो. नख रुतलं आणि खूण हळूहळू भरून आली, तर रबर जिवंत आहे. नख घसरलं, तर टायर कितीही काळाकुळकुळीत दिसो, मी तो दुकानात ठेवत नाही.

नांदगावच्या पुढे, हायवेला लागून माझं दुकान आहे. सुरुवात केली तेव्हा एक हातपंप, पाण्याचं एक घमेलं आणि डोक्यावर प्लॅस्टिक एवढंच होतं. आज हवेचं मशीन आहे, बॅलन्सिंगचं मशीन आहे, मागे गोदाम आहे. मी भांडून भांडून मोठा झालो असं लोक म्हणतात. ते खरं आहे. व्यापाऱ्याशी माल स्वस्त दे म्हणून भांडलो आणि गिऱ्हाइकाशी माल स्वस्त देत नाही म्हणून भांडलो. माझी गिऱ्हाइकं बहुतेक मासळीवाली. मालवण, देवगडहून बर्फात भरलेली मासळी घेऊन टेम्पो घाटावर जातात, गोव्याला जातात. त्या टेम्पोंना कडक पोटाचा, ओझं सहन करणारा टायर लागतो आणि ठासून भरलेली हवा लागते. ओझ्याचा टायर निवडण्यात माझा हात धरणारा या पट्ट्यात कोणी नाही. हलक्या गाडीचा टायर निवडायची वेळ मात्र माझ्यावर कधी आली नव्हती.

गेल्या श्रावणात एका सकाळी माझी पुतणी एक टेम्पो घेऊन दुकानासमोर येऊन थांबली. ती पुण्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे आणि सुट्टीच्या दिवशी हौसेखातर शर्यतीची गाडी चालवते. गाडी तिने आणि तिच्या वडिलांनी मिळून बनवलेली. तिचे वडील म्हणजे माझा धाकटा भाऊ. कुणकेश्वरच्या बाजूला त्याची फायबरच्या होड्या बनवायची शेड आहे. जुन्या छोट्या मोटारीचं इंजिन, पाइप वेल्ड करून केलेला सांगाडा आणि वर भावाने होडीसारखं साच्यात थर देऊन काढलेलं फायबरचं अंग, अशी ती गाडी. दोघांनी मागून उचलली तर चाकं जमिनीवरून सुटतील इतकी हलकी. मी ती तोपर्यंत पाहिली नव्हती. ऐकून मात्र होतो. आमच्याकडे भावाभावांत बोलणं बंद असलं तरी एकमेकांच्या घरातली बातमी थांबत नाही.

टेम्पोत फक्त चार चाकं होती.

"काका, बॅलन्सिंग करून व्हया," ती म्हणाली.

"तू हंय इलंस ता बापाशीक म्हायत आसा?"

"नाय."

"मगे?"

"मगे काय? हायवेर दुसरा मशीन खंय आसा? तुमी कोणाक उभ्या ऱ्हवाक दिलात तर ना!"

मी हसलो नाही. चाकं बघितली. टायर रुंदच्या रुंद, वरून गुळगुळीत, एकही रेघ नाही. खऱ्या शर्यतीच्या गाड्यांना कोरड्या ट्रॅकवर लावतात तसले. मी नख लावलं. ते काचेवरून सरकावं तसं सरकलं.

"ह्ये कोणाचे?"

"बाबांनी हाडले. घाटार एक शर्यतवाले हत, तेंच्याकडसून. रिमासकट."

"तेंची गाडी केवढी?"

"आमच्या दुप्पट वजनाची."

मी टायर जमिनीवर आडवा टाकला. असा टायर तापावा लागतो. तापला की तो रस्त्याला चिकटतो. जड गाडी त्याला दाबते, रगडते, मग तो तापतो. हलक्या गाडीचं वजन एवढ्या रुंदीवर पसरलं तर रबर दबणारच नाही, आणि दबलं नाही तर तापणार कुठून? त्यात हे टायर कित्येकदा तापून गार झालेले. दर वेळी रबर थोडं आणखी कडक होतं. आणि वर एकही खाच नाही. ट्रॅकवर पाणी असेल तर ते बाहेर जायला वाट नाही. शर्यत गणपतीनंतर लगेच, घाटावर. तेव्हा तिथला पाऊस थांबलेला नसतो.

हे सगळं मी तिला सांगायच्या आत तीच म्हणाली, "माका म्हायत आसा काका. मी सांगलंय बाबांका. ते आयकणत नाय. म्हणतत, रुंद बूड आसला की होडी उलटणा नाय."

हे वाक्य ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. ते वाक्य चूक होतं म्हणून नाही, तर ते आमच्या बापाचं होतं म्हणून. आमचा बाप होडी घेताना आधी तिचं बूड बघायचा. माझा भाऊ आयुष्यभर तेच बघत आला. होड्या बनवणाऱ्या माणसाला गाडीखालीसुद्धा बूडच दिसणार.

"काका, तुमी सांगा तेंका."

"मी? माझ्या तोंडान? मेलंय तरी नाय."

"मगे बॅलन्सिंग करून द्या."

"ह्या लाकडांका मी माझ्या मशीनार चढवूचंय नाय. उचल ती चाका!"

हातातला पाना मी इतक्या जोराने आपटला की समोर चहा पिणारा एक टेम्पोवाला कप घेऊन उठला. पुतणी हलली नाही. आवाज न चढवता म्हणाली, "तुमचा भांडण बाबांशी आसा, काका. गाडी माका चालवची आसा."

चाकं तिने स्वतः टेम्पोत टाकली आणि गेली.

त्या भांडणाबद्दल लिहितो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. भावाने पहिल्या होडीचा साचा केला तो माझ्या दुकानाच्या मागच्या अंगणात. त्याच्याकडे तेव्हा जागा नव्हती. फायबरच्या कामाचा वास ज्याने घेतला आहे त्यालाच तो माहीत. डोळ्यांतून पाणी येतं. गिऱ्हाइकं नाक दाबून उभी राहायची, काही जायचीसुद्धा. माझ्या बायकोने कपडे वाळत घालायचे कुठे म्हणून मला किती वेळा विचारलं असेल. दोन पावसाळे तो तिथे राबला. साचा फिरवायला, होडी साच्यातून सोडवायला मी आणि माझी माणसं दुकान बंद करून हात लावायचो. पहिली होडी माझ्या टेम्पोवरून समुद्राला गेली. त्या दिवशी मी तिच्यापुढे नारळ फोडला.

मग त्याने कुणकेश्वरच्या वाटेवर स्वतःची शेड घातली. उद्घाटनाला माणसं जमली, मंडप घातला, माइक लावला. भाऊ माइकवर उभा राहिला आणि म्हणाला, "ह्या सगळा मी एकट्याच्या हातान उभा केलंय. कोणाचो हात घेवक नाय."

मी पहिल्या रांगेत बसलो होतो. जेवायला थांबलो नाही. कोणी म्हणालं, माइक हातात आला की माणूस काहीही बोलतो. कोणी म्हणालं, त्याच्या मनात तसं नव्हतं. असेल नसेल. तोंडातून निघालेला भाव हाच भाव, हे मी धंद्यात शिकलोय. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. वाडीत, लग्नात, तेराव्याला आम्ही एकमेकांसमोर येतो आणि तिसऱ्याशी बोलतो.

पुतणी गेल्यावर दोन दिवस मासळीच्या टेम्पोंचे टायर बदलताना डोळ्यांसमोर ती रुंद चाकं फिरत होती. शेवटी मी कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला. तो शर्यतीचे टायर ठेवतो. मला हवे होते ते बारीक मापाचे, मऊ रबराचे आणि पाणी बाहेर काढणाऱ्या खाचा असलेले. गाडीचं मूळ इंजिन ज्या छोट्या मोटारीचं होतं, तिच्या रिमांना बसतील असे. ते रिम भावाच्या शेडमध्ये कुठेतरी पडलेले असणार हे मी धरून चाललो होतो. भाऊ काही टाकत नाही.

"एवढ्या छोट्या मापात कोण मागतं हो?" व्यापारी म्हणाला. "त्यापेक्षा रुंद घ्या. चांगला माल आलाय."

"मला रुंद नको."

"अहो, ट्रॅकवर सगळे रुंदच लावतात."

"सगळ्यांच्या गाड्या जड आहेत. आमची हलकी आहे. छोटं माप आहे की नाही ते सांगा."

"आहे. पण त्याचा भाव..."

"त्याचा भाव तुम्ही काय सांगताय? कोण मागतं असं तुम्हीच आत्ता म्हणालात. म्हणजे पडून आहे. पडून असलेल्या मालाला भाव मी सांगणार."

पलीकडे तो हसला. "तुम्ही घाटाखालची माणसं फार घासाघीस करता राव."

"आणि माल मी स्वतः येऊन बघणार. नख लावून. नख घसरलं तर घेणार नाही."

मी फोंडाघाटातून वर गेलो. त्याच्या गोदामात बसून त्याला किमतीवरून इतकं छळलं की त्याने दुसऱ्यांदा चहा मागवलाच नाही. पण चारही टायरांना नख नीट रुतलं आणि खूण हळूहळू भरून आली. टायर घेऊन खाली आलो, गोदामात मागच्या फळीवर ठेवले, वर गोणपाट टाकलं. बायकोने विचारलं, "कोणाचे?" मी म्हटलं, "गिऱ्हाइकाचे."

टायर आले, पण ते गाडीपर्यंत पोचवायचे कसे? पुतणीला फोन करून मी सांगू शकलो असतो. पण ती घेऊन गेली असती तरी तिच्या बापाने ते लावू दिले नसते. माझ्याकडून आलेला टायर त्याने शेडच्या बाहेर फेकला असता. मी त्याच्या जागी असतो तर मीही फेकला असता. त्याचा होकार हवा होता. आणि मी त्याच्याशी बोलत नव्हतो.

आमचा गणपती एकच. मूळ घरात, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. कोण कुठेही राहो, कोणाचं कोणाशी पटो न पटो, चतुर्थीला सगळे भाऊबंद तिथेच येतात. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटवी बांधलेली असते. पूजा झाली की हातात नारळ घेऊन घरातला वडील माणूस गाऱ्हाणं घालतो. म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी सगळे हात जोडून "होय म्हाराजा" म्हणतात. आमच्यात सगळ्यात मोठे आमचे चुलते. पण त्यांचे दात गेले, आवाज बसला, तेव्हा काही वर्षांपूर्वी त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. तेव्हापासून गाऱ्हाणं मी घालतो.

त्या दिवशी भाऊ नेहमीप्रमाणे दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. माझ्यापासून जितकं लांब राहून खोलीत राहता येईल तितका लांब. पुतणी बायकांमध्ये होती.

"बा देवा गणपती म्हाराजा," मी सुरुवात केली, "सालाबादप्रमाणे तुझी लेकरा आज एका छपराखाली जमली हत. जो कोण मुंबयक आसा, जो कोण दर्यात आसा, तेंका सगळ्यांका सांभाळ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"शेतात, होडयेत, दुकानात, शेडीत जी काय इडापिडा आसात ती भायर काड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

शेडीत हा शब्द मी दरवर्षी म्हणतो. भांडण माझं आहे, पण गाऱ्हाण्यातून त्याची शेड मी कधी वगळली नाही. ही गोष्ट त्याने कधी लक्षात घेतली की नाही मला माहीत नाही.

इथे दरवर्षी मी थांबतो आणि नारळ फोडतो. त्या दिवशी थांबलो नाही.

"आणि देवा म्हाराजा, ह्या घरातली लेक गणपती झाल्यार घाटार गाडी चालवक जातली हा. तिच्या गाडयेक जे जुने, रुंद टायर लायले हत, ते पावसात धरूचे नाय. ज्येणी कोणी ते लायले, तेका सुबुद्धी दी आणि ते काडूक लाव रे म्हाराजा!"

कोणीच काही म्हणालं नाही. समईची वात चुरचुरत होती. देवासमोर टायरांचं नाव काढलेलं या घरात कोणी ऐकलं नव्हतं. कोणीतरी हसू दाबलं. मी मान वळवून पाहिलं नाही. गाऱ्हाणं घालणाऱ्याने देवाकडेच बघायचं असतं.

मग बायकांच्या बाजूने एकटा आवाज आला. "होय म्हाराजा."

पुतणीचा. त्याच्यामागून चुलत्यांचा बोळका आवाज. मग मुलं, बायका, सगळे. आणि मग पुन्हा शांतता, कारण एक आवाज आलेला नव्हता आणि तो कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. गाऱ्हाण्याला होय न म्हणणं म्हणजे देवाला तोंडावर नाही म्हणणं. आमच्याकडे ते कोणी करत नाही. मी नारळ हातात धरून उभा राहिलो. हात दुखायला लागला तरी मी फोडला नाही. गिऱ्हाईक बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही.

"होय म्हाराजा," भाऊ चौकटीकडून म्हणाला. इतक्या हळू, की तो नाइलाजाने म्हणाला हे स्पष्ट व्हावं.

मी नारळ फोडला.

"देवाच्या पुढ्यात टायर काडलास?" जेवताना बायको पुटपुटली.

"देवाचा काय गेला?" मी म्हटलं.

पण टायर निघाले नाहीत. दिवस जात होते, आरत्या होत होत्या, आणि पुतणीचा चेहरा बघून मला कळत होतं की शेडमध्ये गाडी अजून त्याच चाकांवर उभी आहे.

विसर्जनाच्या दिवशी आम्ही वाळूवर भरती यायची वाट बघत थांबलो होतो. मूर्तीचा पाट वाळूवर होता. चुलते मध्ये बसलेले, त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाऊ. तो समुद्राकडे बघत म्हणाला, "काकानू, तेंका सांगा. मी होय म्हटलंय ता देवाक. टायरवाल्याक नाय."

"आयकलंस?" चुलते माझ्याकडे वळले.

"आयकलंय. तेका इचारा, रुंद टायर लायल्यान कित्याक?"

"तेका कित्याक इचारू? सगळ्या वाडयेत सांगत फिरता. रुंद बूड, म्हणान होडी उलटणा नाय."

"मगे काय खोटा काय?" भाऊ चुलत्यांना म्हणाला. "आमी होड्ये बांदतो. हवा भरणाऱ्यांनी आमका शिकवक नको."

माझे कान तापले. मी उठून निघून जाणार होतो. पण पुतणी मूर्तीच्या बाजूला उभी होती आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी वाळूची मूठ भरली, सोडली आणि पुन्हा खाली बसलो.

"काकानू, तेका इचारा, रिकामी होडी रुंद आसली तर वाऱ्यात कशी ऱ्हवता?"

"माका मधी टेलिफोनाचो खांब केलात," चुलते म्हणाले. "तूच इचार."

मी त्याच्याकडे न बघता, समुद्राला सांगावं तसं सांगितलं. "रिकामी होडी जितकी रुंद, तितकी पाण्यार सरकता. बसणा नाय. नवी होडी पयल्यांदा भायर काडताना तो सोता तेच्यात रेतीची पोती घालता. पोत्यांशिवाय तो गिऱ्हाइकाक होडी देणा नाय. ती गाडी रिकामी होडी आसा. तेच्यात तो रेती खंय घालतलो? लेकीच्या मांडयेर?"

भावाचा जबडा हलत होता, लहानपणी बाप ओरडला की हलायचा तसा. मग तो उठला आणि म्हणाला, "पाणी इला. चला."

पाट दोघांनी धरायचा असतो, आणि तो मान आमच्या बापाच्या दोन मुलांचा. आम्ही दोघे दोन बाजूंनी पाट उचलून पाण्यात शिरलो. कमरेएवढ्या पाण्यात लाट आली तेव्हा त्याची बाजू वर उचलली गेली. मी माझी बाजू उचलून धरली. मूर्ती सरळ राहिली. मग एकाच वेळी पाट खाली नेला. वर आलो तेव्हा दोघांच्या तोंडावरून पाणी निथळत होतं. तो आधी किनाऱ्याला लागला.

काही दिवसांनी पुतणीचा टेम्पो पुन्हा दुकानासमोर उभा राहिला. आत चार रिम होते, बारीक, जुन्या छोट्या मोटारीचे. गंज घासून काढलेला आणि वर होडीला लावतात तो निळा रंग दिलेला. रंग अजून थोडा ओला होता. बोटाला लागला.

"कोणी रंगयले?"

"बाबांनी. काल बसान."

"काय म्हणाले?"

"काय नाय. गाडयेचे फायबरचे गाल बाजूक भायर काडलेले ना, रुंद टायरांसाठी? तेपण काल कापले. कानस मारून गुळगुळीत केल्यानी."

मी गोणपाट काढलं. चारही टायर खाली घेतले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. ते कधीपासून तिथे होते हे तिने विचारलं नाही. मी टायर चढवले, बॅलन्स केले आणि सवयीप्रमाणे हवा भरली. ती वाकली, काट्याकडे पाहिलं आणि व्हॉल्व्ह दाबून धरला. हवा फुसकन बाहेर जायला लागली.

"अगो, काय करतंस?"

"काका, ह्यो मासळीचो टेम्पो नाय. एवढी हवा भरलात तर हे पण तापूचे नाय. वायच पोट दबाक व्हया."

"टायर रिमातसून भायर इलो तर?"

"इतकी कमी करूचंय नाय."

ती हवा सोडत राहिली. आयुष्यभर मी हवा भरत आलो. पण विसर्जनाच्या दिवशी तिच्या बापाला मी जे सांगितलं होतं, तेच ती आता मला सांगत होती. मी पुढचा टायर तिच्याकडे सरकवला.

शर्यतीला मला कोणी बोलावलं नव्हतं. मी गेलो. घाटावर बारीक पाऊस होता. ट्रॅकच्या बाजूने तारेचं कुंपण, त्यामागे माणसं. भाऊ एका टोकाला उभा होता, मी दुसऱ्या. सगळ्या गाड्या एकदम धावत नव्हत्या. एकेक गाडी सुटायची आणि तिची वेळ घ्यायचे. आमच्या आधी एक गाडी गेली, तशाच गुळगुळीत, रुंद टायरांवर. दुसऱ्या वळणावर ती आवाज न करता फिरली, उलट्या तोंडाने गवतात गेली आणि टायरांच्या भिंतीवर आपटली. चालवणारा स्वतः बाहेर आला, लंगडत. त्याच्या डोक्यावर कोणीतरी छत्री धरली. मी भावाकडे बघितलं. तो त्या गाडीच्या चाकांकडे बघत होता.

मग पुतणीची गाडी आली. बाजू कापलेली, निळ्या रिमांची, इतर गाड्यांच्या मानाने खेळण्यासारखी. पहिल्या फेरीत ती हळू होती. दुसऱ्या फेरीत त्याच वळणावर मागची बाजू सरकली. मी कुंपणाची तार धरली. गाडी क्षणभर तशीच तिरपी गेली, मग मागच्या टायरांनी रस्ता धरला आणि ती सरळ झाली. पुढच्या फेरीत ती त्याच वळणावर अजिबात सरकली नाही. माझ्या तळव्याला तारेचे वळ उठले होते.

ती थांबली तेव्हा आम्ही दोघेही गाडीजवळ पोचलो होतो. भावाने वाकून पुढच्या टायरवर तळहात ठेवला. मी मागच्या टायरवर ठेवला. पाऊस पडत होता तरी रबर हाताला ऊन लागत होतं, कडेपासून मध्यापर्यंत सारखंच. पुतणी हेल्मेट काढून आमच्याकडे बघत होती.

"तापलो," भाऊ टायरला म्हणाला.

तिथे गाड्या तपासणारा एक माणूस छत्री घेऊन आला. तो गाडीभोवती फिरला, फायबरवर टिचकी मारली.

"छान आहे. कोणी बनवली?"

भाऊ सरळ उभा राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. माइकसमोरचं ते तोंड मला अजून आठवतं.

"बॉडी माझी," तो म्हणाला. "इंजिनाचं काम मुलीचं." मग थांबला. "टायर दादाचे."

कित्येक वर्षांनी तो शब्द त्याच्या तोंडून निघाला. तोही माझ्याकडे बघून नाही, परक्याला, पुस्तकी मराठीत.

मी थांबलो. आणखी काहीतरी येईल असं मला वाटलं. अंगण आठवेल, साचा आठवेल, पहिली होडी कोणाच्या टेम्पोवरून गेली ते आठवेल. त्याला आठवेल आणि तो बोलेल. तो वाकून गाडीखाली काहीतरी बघायला लागला. इतकी वर्षं बाजारात काढल्यावर समोरच्याने शेवटचा भाव सांगितला की मला तो ओळखू येतो. त्यापुढे ताणलं तर व्यवहारच मोडतो.

मी खिशातून हवेचा काटा काढला आणि मागच्या टायरची हवा बघितली. तापून ती थोडी वाढली होती. पुतणीला विचारलं, "काडू?"

"वायच," ती म्हणाली आणि दोन बोटांत अगदी थोडं माप दाखवलं.

मी व्हॉल्व्ह दाबला. गाडीखालून भाऊ म्हणाला, "दोनय बाजूची सारखी काडा."

"माका म्हायत आसा," मी म्हटलं.